द्राक्षांच्या आधी पोहोचते त्यांची माहिती

फेब्रुवारीत निफाड-दिंडोरीच्या एखाद्या बागेत कात्री लावलेला घड मार्चअखेर नेदरलँड्समधल्या दुकानात अर्ध्या किलोच्या पारदर्शक डबीत विकायला असतो. मधे पॅकहाऊस, शीतगृह, ट्रेलर, न्हावा शेवा बंदर, जहाज, रॉटरडॅम बंदर आणि आयातदाराचं गोदाम इतके टप्पे येतात. दर टप्प्याला माल एकाच्या ताब्यातून दुसऱ्याच्या ताब्यात जातो. या सगळ्या हातांची मिळून जी रांग होते ती पुरवठा साखळी. मोटारीच्या सुट्या भागांची असो, औषधांची असो की फळांची, तिचं मूळ दुखणं एकच आहे. माल कुठे आहे, कोणत्या अवस्थेत आहे आणि पोहोचायला किती दिवस लागणार, हे ज्याला कळायला हवं त्याला वेळेत कळत नाही.

द्राक्षाचं उदाहरण घेतलं, कारण या फळाला दिरंगाई अजिबात चालत नाही. आंबा, केळी, चिकू तोडल्यावर पिकतात. द्राक्ष पिकत नाही. वेलीवर जेवढी गोडी भरली तेवढीच. कात्री लागली की पुढे फक्त घसरण सुरू होते: देठ सुकून तपकिरी पडतो, मणी मऊ होतात, एखाद्या फुटलेल्या मण्याला बुरशी धरली की शेजारचे मणीही जातात. युरोपातला खरेदीदार डबी उघडल्यावर आधी देठ बघतो. देठ हिरवा असेल तर पुढची बोलणी.

पुरवठा साखळीतलं नवं तंत्रज्ञान म्हटलं की रोबो आणि ड्रोनची छायाचित्रं छापली जातात. पॅकहाऊसमध्ये प्रत्यक्षात जाऊन बघा: घड हातात तोलून, मधला खराब मणी कात्रीच्या टोकाने अलगद काढण्याचं काम आजही बायकाच करतात आणि ते त्यांच्याइतकं चांगलं दुसऱ्या कोणाला जमत नाही. बदल झालाय तो माहितीच्या प्रवासात. पूर्वी माल पुढे जायचा आणि त्याची खबर मागाहून, बहुधा वाईट असली तरच यायची. आता माल जहाजावर असतानाच त्याची कुंडली पलीकडे पोहोचलेली असते.

नोंदणी क्रमांकाची ताकद

याची सुरुवात एका फटक्याने झाली. २००३ साली नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मेथोमिल या कीटकनाशकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि साऱ्या युरोपभर इशारा गेला. तेव्हा अडचण अशी होती की दोष नेमका कोणत्या बागेचा, हे सांगायची सोयच नव्हती. एका कंटेनरमध्ये अनेक शेतकऱ्यांचा माल असतो. एकाची फवारणी चुकली की संशय सगळ्यांवर, निर्यातदारावर आणि शेवटी देशावर. त्यातच युरोपीय महासंघाच्या कायद्याने १ जानेवारी २००५ पासून तिथल्या प्रत्येक अन्न व्यावसायिकाला आपला माल कोणाकडून आला आणि कोणाला दिला याची नोंद ठेवणं बंधनकारक झालं. तिथल्या आयातदाराने तीच मागणी इथल्या निर्यातदाराकडे केली, हे ओघानेच आलं.

त्यावर उत्तर म्हणून अपेडाने, म्हणजे कृषी व प्रक्रियायुक्त अन्नपदार्थ निर्यात विकास प्राधिकरणाने, २००६ साली ‘ग्रेपनेट’ ही इंटरनेटवरची व्यवस्था उभी केली. ताज्या फळांसाठी देशात अशी व्यवस्था पहिल्यांदाच झाली. पुढे डाळिंब, आंबा, भाजीपाला यांच्यासाठीही तशाच व्यवस्था आल्या आणि त्या सगळ्यांची मिळून ‘हॉर्टिनेट’ झाली.

तिचं काम असं चालतं. निर्यातीसाठी द्राक्षं पिकवणारा शेतकरी कृषी विभागाकडे आपला प्लॉट नोंदवतो. नोंदणी शेतकऱ्याच्या नावाने होते, पण क्रमांक मिळतो तो प्लॉटला. एकाच शेतकऱ्याच्या दोन प्लॉटची छाटणी वेगळ्या तारखेला झाली असेल, फवारण्या वेगळ्या असतील, तर त्यांची कुंडलीही वेगळीच असायला हवी. फवारणीची नोंदवही ठेवावी लागते. काढणीआधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस स्वतः बागेत येऊन नमुना घेतो, शेतकऱ्याने पिशवीत घालून दिलेला चालत नाही. त्या नमुन्यात दोनशेहून अधिक रसायनांचे अंश तपासले जातात. पुण्याजवळ मांजरीला असलेलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र या प्रयोगशाळांच्या कामावर देखरेख ठेवतं. निकाल थेट संगणकावर चढतो. नमुना नापास झाला तर त्या प्लॉटचा माल युरोपसाठी अडवला जातो आणि शेजारच्या पास झालेल्या प्लॉटला त्याचा त्रास होत नाही.

पुढे पॅकहाऊसमध्ये भरलेल्या प्रत्येक पेटीवर अशी खूण असते की तिच्यावरून पॅलेट, म्हणजे पेट्यांची एकत्र बांधलेली थप्पी, पॅलेटवरून पॅकिंगची तारीख आणि तिथून प्लॉटपर्यंत मागे जाता येतं. हॅम्बुर्गमध्ये एका पेटीत काही आढळलं, तर दिंडोरी तालुक्यातल्या नेमक्या कोणत्या बागेपर्यंत जायचं हे कळतं. याला मागोवा म्हणतात. माझ्या मते गेल्या वीस वर्षांत महाराष्ट्राच्या शेतीत जे तंत्रज्ञान आलं त्यातलं हे सर्वांत मोलाचं आणि सर्वांत कमी बोललं गेलेलं काम आहे. त्याने चुकीला पत्ता दिला आणि प्रामाणिक शेतकऱ्याला पुरावा दिला.

तरीही २०१० साली मोठा घात झालाच. त्या हंगामात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले. हे वाढ रोखणारं संजीवक आहे. वेलीची नुसती पालेदार वाढ थांबून घडनिर्मिती व्हावी म्हणून बागायतदार ते वर्षानुवर्षं वापरत होते. बागायतदारांत ते ‘लिहोसिन’ या व्यापारी नावानेच ओळखलं जातं. युरोपची मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे वीस टन द्राक्षांत एक ग्रॅम. कंटेनर युरोपच्या बंदरांत अडकले, सौदे फिसकटले, शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. कारण काय, तर हे रसायन आपल्या तपासणीच्या यादीतच नव्हतं. बागा नोंदलेल्या होत्या, नमुने पास होते, संगणक म्हणत होता सगळं ठीक आहे. जे विचारलंच नव्हतं त्याचं उत्तर तो कुठून देणार? त्यानंतर यादीत ते नाव आलं, आणि यादी दर हंगामाला तपासून सुधारण्याचं महत्त्व सगळ्यांना पटलं.

कोणत्याही उद्योगातली मागोव्याची यंत्रणा समजून घेताना हा प्रसंग लक्षात ठेवावा. संगणक खोटं बोलत नाही हे अर्धंच खरं. त्याला काय पाहायला सांगितलंय आणि त्यात कोण काय भरतंय, यावर सगळं अवलंबून असतं. द्राक्षाच्या बाबतीत सगळ्यांत नाजूक जागा म्हणजे बागेतून पॅकहाऊसला जाणारा प्लॅस्टिकचा क्रेट. त्याच्यावर प्लॉटची चिठ्ठी असते. दुपारी घाईत दोन बागांचे क्रेट एका गाडीत चढले आणि चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली, की पुढची सगळी बारकोडची साखळी एका चुकीच्या बागेचं नाव बिनचूक पुढे नेत राहते. चांगल्या पॅकहाऊसमध्ये एका बागेचा माल पूर्ण संपवून, टेबलं मोकळी करूनच दुसऱ्या बागेचा माल घेतात. ही शिस्त कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये मिळत नाही.

थंडीचा आलेख

दुसरी गोष्ट तापमानाची. बागेतून आलेल्या घडात उन्हाची ऊब साठलेली असते. ती काही तासांत काढून टाकावी लागते. त्यासाठी प्रीकूलिंगच्या खोलीत पेट्यांमधून जोराने थंड हवा खेचतात. मग माल शून्य अंशाच्या आसपास ठेवतात. पेटीत गंधकाच्या वायूचा पॅड असतो. दमटपणात तो हळूहळू वायू सोडतो आणि बुरशी रोखतो. तापमान वर-खाली झालं की पेटीत दव जमतं, पॅड एकदम जास्त वायू सोडतो आणि मण्यांवर पांढुरके डाग पडतात. म्हणजे बुरशी रोखणारी वस्तूच नुकसान करते.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. रेफर कंटेनर, म्हणजे थंड ठेवणारा कंटेनर, गरम माल थंड करत नाही. आधीच थंड झालेला माल तसाच राखणं एवढंच त्याचं काम. कोमट माल भरून ‘जहाजावर होईल थंड’ म्हणणाऱ्याचा माल पलीकडे पोहोचेपर्यंत खराब झालेला असतो.

पूर्वी जहाजावर कर्मचारी फिरून कंटेनरचे आकडे लिहून घेत. मालासोबत एक छोटं नोंदयंत्र ठेवलं जायचं, आजही ठेवतात. त्यातला आलेख पलीकडे दार उघडल्यावरच वाचता यायचा. आता मोठ्या जहाज कंपन्यांच्या रेफरमध्येच संवेदक आणि संपर्कयंत्र असतं. मर्स्क या जहाज कंपनीने २०१७ साली ही माहिती थेट ग्राहकांना दाखवायला सुरुवात केली. कंटेनरमध्ये सोडली जाणारी हवा किती थंड आहे आणि मालातून फिरून परत येणारी किती, हे दोन आकडे समुद्रातूनही उपग्रहामार्फत येत राहतात.

हा आलेख वाचायला शिकण्यासारखा आहे. शून्याजवळ एक सरळ रेघ, आणि तिच्यावर ठरावीक अंतराने छोटी टोकं. ही टोकं पाहून नवखा माणूस घाबरतो. पण ती यंत्रावर साठलेला बर्फ वितळवण्याच्या वेळची असतात, त्यात काही वावगं नाही. सुरुवातीला परतीची हवा सोडलेल्या हवेपेक्षा बरीच उबदार असेल आणि दोन-तीन दिवस तशीच राहिली, तर समजावं की माल पुरेसा थंड न करताच भरला. मधेच रेघ पाच-सहा तास तिरकी चढत गेली असेल, तर बहुधा कुठेतरी वीज जोडायची राहिली. मधल्या बंदरात जहाज बदलताना हे घडू शकतं. पूर्वी यावर पलीकडे नुसता वाद व्हायचा: तुम्ही माल वाईट पाठवला, नाही तुम्ही नीट सांभाळला नाही. आता वेळ आणि जागा आलेखावर असते. वीज तुटल्याची खबर त्याच वेळी आली तर फोन करून प्लग लावून घेता येतो आणि माल वाचतोही.

बंदर आणि समुद्र

न्हावा शेवाला २०१६ पासून ‘लॉजिस्टिक्स डेटा बँक’ नावाची सोय आहे. कंटेनरला एक रेडिओ टॅग लावतात, बंदराच्या फाटकांवर आणि टोल नाक्यांवर तो आपोआप वाचला जातो, आणि कंटेनरचा क्रमांक टाकला की तो कुठवर आला ते दिसतं. पूर्वी यासाठी ड्रायव्हरला आणि एजंटला फोन करत बसावं लागे.

त्या कंटेनर क्रमांकातली एक साधी करामत मला फार आवडते. चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी एक सातवा आकडा. हा शेवटचा आकडा आधीच्या दहा चिन्हांवरून गणित करून काढलेला असतो. लिहिताना कोणी एखादा आकडा चुकवला तर गणित जुळत नाही आणि चूक बहुतेक वेळा तिथेच पकडली जाते. ही युक्ती उपग्रहावरून कंटेनरची खबर येऊ लागण्याच्या कितीतरी आधीची आहे, आणि चुकीच्या ट्रेलरवर चढण्यापासून आजही ती कंटेनर वाचवते.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल, कारण हल्ली तिच्याशिवाय चर्चा पुढे सरकत नाही. पुरवठा साखळीत तिचं मुख्य काम अंदाज बांधण्याचं. जहाज कधी लागेल, कोणत्या आठवड्यात किती माल खपेल, कोणता रेफर बिघडण्याच्या वाटेवर आहे. मागच्या हजारो फेऱ्यांची माहिती चाळून ती नमुने शोधते, आणि पुष्कळदा माणसापेक्षा लवकर शोधते. पण मागच्या माहितीत जे नव्हतंच, ते तिला दिसत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये तांबड्या समुद्रात येमेनमधल्या हुथी बंडखोरांचे जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि डिसेंबरात बड्या कंपन्यांनी सुएझचा रस्ता सोडून आफ्रिकेला वळसा घातला. ऐन द्राक्षाच्या हंगामात युरोपचा प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला आणि भाडं भडकलं. हा वळसा कुठल्या जुन्या आकडेवारीतून वर्तवता आला नसता.

उपयोग झाला तो वळसा पडल्यानंतर. जहाजं आपली जागा सतत प्रसारित करत असतात, उपग्रह ती टिपतात. त्यामुळे माल नेमका कधी लागेल याचा सुधारित अंदाज दररोज मिळतो, आणि त्यावरून आयातदाराला मधल्या काळाची सोय करता येते, निर्यातदाराला लांबचा प्रवास झेपेल असा टणक माल निवडता येतो. संकट टळत नाही, पण ते येताना दिसतं. नाशवंत मालात एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

ब्लॉकचेनबद्दल थोडक्यात सांगतो. भिशीची वही एकाच माणसाकडे न ठेवता प्रत्येक सभासदाकडे तिची तंतोतंत प्रत असावी, आणि एकाने मागची नोंद खोडली तर बाकीच्यांच्या वह्यांवरून ती लगेच उघडी पडावी, अशी ती कल्पना आहे. मर्स्क आणि आयबीएम यांनी २०१८ मध्ये ‘ट्रेडलेन्स’ नावाने जागतिक जहाजवाहतुकीची अशी सामायिक वही सुरू केली. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांनी ती बंद करत असल्याचं जाहीर केलं. तंत्र चालत होतं, पण साऱ्या उद्योगाचं हवं तेवढं सहकार्य मिळालं नाही. प्रतिस्पर्ध्याने चालवलेल्या वहीत आपली गुपितं लिहायला व्यापारी सहजी तयार होत नाहीत, ही माणसाची अडचण संगणकाने सुटणारी नव्हती.

साखळीचं पहिलं टोक

सगळ्यांत आशेचा बदल मला बागेत दिसतो. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस आला की डावणी या रोगाची धास्ती असते. डावणीला पान ठरावीक वेळ ओलं राहावं लागतं, त्याशिवाय ती पसरत नाही. पूर्वी ढग दिसले की फवारणी, शेजाऱ्याने पंप काढला की आपणही काढायचा. आता बऱ्याच बागायतदारांनी बागेत छोटी हवामान केंद्रं बसवली आहेत. त्यांतला पानाच्या ओलाव्याचा संवेदक रात्री पान किती तास ओलं होतं ते सांगतो, आणि तापमानाशी ताडून रोगाचा धोका मोबाईलवर येतो. धोका नसेल तर एक फवारणी वाचते. खर्च वाचतो, फवारणाऱ्याचं शरीर वाचतं आणि शेवटी घडातले अंश कमी राहतात. म्हणजे रॉटरडॅमच्या तपासणीत पास होण्याची तयारी नोव्हेंबरच्या एका रात्रीच सुरू झालेली असते.

पण इथेच माझी तक्रार आहे. हे सगळं शेतकरी पुरवतो: प्लॉटची माहिती, फवारणीची वही, नमुना, काढणीची तारीख. माहिती त्याच्याकडून निघते आणि वर जाते. परत काय येतं? पुष्कळदा फक्त दर. माल पलीकडे पोहोचल्यावर आयातदार तपासणी अहवाल करतो, फोटोंसकट: देठ कसा, मणी किती गळाले, कुज किती. त्याच्यावरून पैसे कापले जातात. तो अहवाल आणि तो तापमानाचा आलेख ज्याच्या नावाचा माल होता त्याच्यापर्यंत सहसा पोहोचत नाही. कंटेनरमधल्या चुकीची वजावट बागेच्या हिशोबात पडली तरी त्याला कळायचा मार्ग नाही. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारख्या शेतकऱ्यांच्या स्वतःच्या कंपन्यांचं महत्त्व मला यासाठी जास्त वाटतं. तिथे साखळीची पुढची टोकंही शेतकऱ्यांच्याच संस्थेच्या हातात असतात, त्यामुळे पलीकडची खबर मागायचा हक्क राहतो. एकट्या दोन एकरवाल्याने मात्र सौदा करतानाच अहवालाची आणि आलेखाची प्रत लेखी मागून घ्यावी. ती देण्यात निर्यातदाराला आज काहीच खर्च येत नाही, एक फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची असते.

आणि दुसरी बाजू आपल्या घरातली. देशात पिकणाऱ्या द्राक्षांचा दहावा हिस्साही जेमतेम परदेशी जातो. बाकीची बहुतेक आपणच खातो, आणि त्यांच्या क्रेटवर ना प्लॉट क्रमांक, ना नमुन्याचा निकाल. डच मुलाच्या डबीतलं द्राक्ष कोणत्या बागेतलं आणि त्यात काय सापडलं, याची नोंद आहे. पुण्या-मुंबईच्या हातगाडीवरच्या द्राक्षाची नाही. यंत्रणा तयार आहे, प्रयोगशाळा आहेत, नोंदवही ठेवायची सवय हजारो बागायतदारांना लागलेली आहे. प्रत्येक नमुन्याची पूर्ण तपासणी देशी बाजाराला परवडणार नाही हे खरं, पण प्लॉट क्रमांकाची चिठ्ठी क्रेटवर लावायला आणि बाजार समितीत अधूनमधून काही नमुने घ्यायला तेवढा पैसा लागत नाही. ज्याचा नमुना चांगला निघेल त्याला व्यापाऱ्यांनी किलोमागे दोन रुपये जास्त दिले, तर फवारणीची वही युरोपसाठी नसलेल्या बागेतही ठेवली जाईल.